खरकट्यातून ताट

भुर्जीपावच्या गाडीवर रात्री उभं राहिलं की सगळ्यांचं लक्ष तव्याकडे असतं. जरा खाली बघावं. गाडीच्या चाकाशी एक पिंप असतं आणि त्यात सारखी कवचं पडत असतात. अंड्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा कवचाचा, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे अंडी फुटली की किलोभर कवच साठतं. त्यात ९४-९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं. सिरॅमिकचं सामान विकणाऱ्या दुकानात हाच पदार्थ ‘व्हायटिंग’ या नावाने पोत्यातून मिळतो. स्टुडिओत काम करणारे तो ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरात घालतात.

पिंपातला माल पोत्यात का जाऊ नये, हा प्रश्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत अनेक देशांत विचारला गेला. विचारणारे तीन तऱ्हेचे आहेत. कचरा कमी करू पाहणारे शेफ, नव्या मातीच्या शोधातले कलावंत, आणि कच्च्या मालाचा भाव व पर्यावरणाचे नियम यांच्या कात्रीत सापडलेले कारखानदार. तिघांची उत्तरं एकमेकांशी पुरती जुळत नाहीत. कुठे जुळतात आणि कुठे गाडं अडतं, ते पाहू.

हाडं दळणारी गिरणी

कल्पना नवी आहे असं कोणी सांगितलं तर त्याला आपल्याच कपाटातला बोन चायनाचा कप दाखवावा. अठराव्या शतकाच्या मध्यावर लंडनजवळच्या बो इथल्या कारखान्यात थॉमस फ्राय यांनी हाडांची राख मातीत मिसळली. शतक संपता संपता स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोड यांनी प्रमाण बसवलं आणि ते जवळजवळ तसंच आजवर चालू आहे: निम्मी हाडांची राख, पाव भाग काओलिन म्हणजे पांढरी चिनी माती, पाव भाग कॉर्नवॉलचा दगड. हाडं गुरांची. म्हणजे ज्या कपाने इंग्रजी चहाला रुबाब दिला, त्याचा निम्मा भाग खाटिकखान्याचा टाकाऊ माल होता. स्टोकमध्ये एट्रुरिया इथे १८५७ साली बांधलेली एक गिरणी आजही संग्रहालय म्हणून उभी आहे. तिथे वाफेच्या इंजिनावर भाजलेली हाडं आणि गारगोटी दळली जात.

राखेची कथा त्याहून जुनी. चीनमध्ये तीन हजार वर्षांपूर्वी भट्टीतली लाकडाची राख भांड्यांवर उडून वितळली आणि ग्लेझ जन्माला आलं. जपानी लाकूडभट्ट्यांत भांडी शिंपल्यांवर टेकवून भाजतात. शिंपला भट्टीत विरतो आणि त्याचा ठसा भांड्याच्या अंगावर राहतो. आपल्याकडे कुंभार मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळत आला, वीटवाल्याने भुसा मिसळला. यातल्या कोणीही त्याला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हटलं नाही. माती चिरू नये, वीट हलकी व्हावी, सरपण वाचावं, एवढाच हिशेब होता.

मग नवं काय? नवा आहे पत्ता. जुन्या बोन चायनात हाड कोणत्या जनावराचं हे कोणी विचारत नसे. आता ज्या हॉटेलात जेवण झालं, त्याच हॉटेलच्या हाडांचं ताट त्याच टेबलावर परत यावं, असा आग्रह आहे.

भट्टीतून काय उरतं

वादात उतरण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण कौतुकाच्या लेखांत ती हमखास गाळली जाते. हॉटेलचा बहुतेक कचरा सिरॅमिक होऊच शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं २९ कोटी टन, म्हणजे २८ टक्के, हॉटेलं, खानावळी आणि कँटीन यांच्याकडचं. पण उरलेला भात, भाजीची देठं, रस्सा, पोळ्या हे सगळं सेंद्रिय. हजार अंशांच्या भट्टीत त्याचा धूर होतो आणि चिमूटभर राख उरते. कॉफीच्या चोथ्याचंही तेच. तो मातीत मिसळला तर जळून जातो आणि मागे छिद्रं ठेवतो. विटेला ती चालतात, कपाला नाहीत. बर्लिनची ‘काफेफॉर्म’ ही कंपनी २०१५ पासून चोथ्याचे कप विकते, ते भट्टीतले नव्हेत. चोथा जैविक बांधकद्रव्यात दाबून ते केलेले असतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका हॉटेलसाठी कॅरोलिना हॅर्ड यांनी कालवांचे शिंपले, तांदळाचं स्टार्च आणि माशांचा डिंक वापरून बनवलेलं स्टूलही याच जातीचं. वस्तू सुरेख आहेत, पण त्यांना सिरॅमिक म्हणणं चूक.

भट्टीतून जे खरोखर पार पडतं ते थोडं आहे: हाडांतलं कॅल्शियम फॉस्फेट, अंड्याची कवचं आणि शिंपल्यांतलं कॅल्शियम कार्बोनेट, बाटल्यांची काच, चुलीची आणि तंदूरची राख, आणि हॉटेलात रोज फुटणारी क्रोकरी. प्रत्येकाचं काम वेगळं आहे. हाडांची राख भांड्याला पांढरेपणा आणि पारदर्शी झाक देते. काच सातशे अंशांच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे ती मातीला लवकर वितळवते आणि भट्टीचं तापमान खाली आणता येतं. चुना ग्लेझला वितळायला मदत करतो, पण मातीत खडा म्हणून राहिला तर घात करतो.

तो घात वीटभट्टीवाल्यांना पुरता ठाऊक आहे. मातीत चुनखडीचा खडा राहिला की भाजताना त्याचा कळीचा चुना होतो. वीट थंड होते, छान दिसते. मग हवेतली ओल त्या चुन्याला लागते, तो फुगतो आणि वीट तिथूनच ढलपी टाकते. कवच किंवा शिंपला जाडसर कुटून मातीत घातलेल्या ताटाचं अगदी असंच होतं. भट्टीतून निघालेलं देखणं ताट काही आठवड्यांनी कपाटात बसल्या बसल्या टवके टाकतं. म्हणून कवच धुवायचं, आतला पापुद्रा काढायचा (तो जळताना वास मारतो), वाळवायचं आणि मैद्यासारखं बारीक दळायचं. शिंपल्यांचं खारं पाणीही पुरतं काढावं लागतं. ते राहिलं तर वाळताना पृष्ठभागावर मिठाची पांढुरकी साय येते. हे सगळं श्रमाचं काम आहे आणि ते कोणी करायचं, इथूनच मतभेद सुरू होतात.

टेबलापासून टेबलापर्यंत

हॉटेलच्या बाजूने सर्वांत जास्त बोललं गेलेलं उदाहरण न्यूयॉर्कच्या उत्तरेला पोकँटिको हिल्स इथल्या ‘ब्लू हिल ॲट स्टोन बार्न्स’ या हॉटेलचं. शेफ डॅन बार्बर आणि पेनसिल्व्हेनियातल्या आर्केडिया विद्यापीठात शिकवणारे सिरॅमिक कलावंत ग्रेग मूर यांनी हॉटेलच्याच हाडांपासून बोन चायना तयार केली. हाडं आधी सूपसाठी उकळली जातात, मग भाजून राख होते, मग ती मातीत जाते. कुरणात चरलेल्या गाईंची हाडं अधिक घट्ट असतात आणि त्यांची चायनाही वेगळी उतरते, असं या जोडीचं म्हणणं आहे. ते खरं मानलं तर ताट हे शेतीचंच पीक ठरतं आणि जमीन कशी राखली याची खूण ताटावर दिसते. कल्पना मोहक आहे. त्या मानाने मालाचं प्रमाण बघा: ६०० ग्रॅमच्या एका ताटाला ३०० ग्रॅम हाडांची राख लागते. चाळीस खुर्च्यांच्या हॉटेलला एकदा ताटं पुरवून झाली की पुढच्या हाडांचं काय, हा प्रश्न राहतोच.

ब्रिटनमध्ये मार्गेट या किनाऱ्यावरच्या गावात कार्ली ब्रीम यांनी स्थानिक हॉटेलचे शिंपले, हाडं आणि बाटल्या घेऊन त्याच हॉटेलसाठी भांडी घडवली. डग्लस मॅकमास्टर यांच्या ‘सायलो’ या शून्य-कचरा हॉटेलने ब्रायटनमध्ये २०१४ साली सुरुवात केली तेव्हा ताटं प्लॅस्टिकच्या पिशव्या वितळवून केलेली होती. पुढे लंडनला गेल्यावर रिकाम्या वाइनच्या बाटल्या कुटून भांडी करण्याकडे ते वळले.

लिव्हरपूलची ‘ग्रॅनबी वर्कशॉप’ जरा निराळी. ‘असेंबल’ या गटाला २०१५ चा टर्नर हा कलेचा पुरस्कार मिळाला, त्याच कामातून ती उभी राहिली. २०१९ मध्ये तिने संपूर्णपणे टाकाऊ मालाची टेबलवेअर जाहीर केली. त्यात काच होती, खाणींचा गाळ होता, जुनी फुटकी भांडी होती. हा कचरा शहराचा आणि उद्योगाचा. माझ्या मते या सगळ्या प्रयोगांत तिचाच हिशेब सर्वांत प्रामाणिक आहे, कारण कचरा कुठला याच्या गोष्टीपेक्षा तो मातीत कोणतं काम करतो यावर तिने भर दिला.

कारखान्याची बाजू

कलावंत चाळीस ताटं भाजतो. कारखान्यात जिगर-जॉलीवर, म्हणजे ताटं घडवणाऱ्या फिरत्या यंत्रावर, एका पाळीत हजारो ताटं उतरतात. तिथे मातीचा गुण रोज बदलून चालत नाही. प्लॅस्टरच्या साच्यात ओतायची पातळ माती, म्हणजे स्लिप, रसायनं घालून नेमक्या प्रवाहीपणावर ठेवलेली असते. नीट न धुतलेल्या राखेतला किंवा भाजलेल्या शिंपल्यातला मोकळा चुना त्यात गेला की ती दह्यासारखी विरजते आणि साच्यात उतरत नाही. त्यामुळे कारखान्याचा पहिला प्रश्न असतो: दर महिन्याला एकाच प्रतीचा, एकाच बारीकपणाचा माल किती टन देणार? हॉटेलांकडे याचं उत्तर नसतं. पिंपात आज अंडी जास्त पडतात, उद्या तिसऱ्या.

म्हणून उद्योगाने जिथे खरंच पाऊल टाकलं तिथे हॉटेलच्या पिंपाऐवजी मोठ्या कारखान्यांचा कचरा घेतला. स्पेनमध्ये कॅस्टेलॉन हे टाइल्सचं मोठं केंद्र. तिथल्या सिरॅमिक तंत्रज्ञान संस्थेच्या सहभागाने २०२० पासून ‘लाइफ एगशेलन्स’ हा प्रकल्प चालला. भिंतीच्या टाइल्सच्या मातीत कॅल्शियम कार्बोनेट तसंही घालावंच लागतं. खाणीतल्याऐवजी ते अंडी फोडून द्रव विकणाऱ्या कारखान्यांच्या कवचांतून घ्यायचं, हा त्याचा गाभा. मुख्य काम पापुद्रा वेगळा करण्याचं. टाइलच्या देखणेपणात काहीच बदल होत नाही आणि तेच त्या प्रकल्पाचं यश. ‘हे अंड्याचं आहे’ असं तिथे कोणाला सांगायचं नसतं.

जपानने वेगळा रस्ता धरला. गिफू प्रांतातला मिनो हा चिनी मातीच्या भांड्यांचा मोठा पट्टा. १९९७ मध्ये तिथे ‘ग्रीन लाइफ २१’ प्रकल्प सुरू झाला. वापरून फुटलेली भांडी गोळा करायची, दळायची आणि नव्या मातीत मिसळायची. सुरुवातीला २० टक्के, पुढे ५० टक्क्यांपर्यंत. भाजलेली माती पुन्हा चिकणमाती होत नाही, हे ज्यांना ठाऊक नसतं त्यांना फुटका कप निरुपद्रवी वाटतो. रेल्वेत २००४ साली कुल्हड आले तेव्हा ‘मातीचं मातीत जाईल’ असं बोललं गेलं. कुल्हड फुटला की खापर होतं, माती होत नाही. दळून भराव म्हणून वापरला तरच तो परत चक्रात येतो.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण याच वाटेवरचं आहे. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये सिरॅमिक शिकलेले शशांक निमकर यांनी खुर्जा इथल्या कारखान्यांच्या फुटक्या मालाचे ढीग पाहून ‘अर्थ तत्त्व’ सुरू केलं आणि साठ टक्क्यांपर्यंत भाजका कचरा असलेली भांडी बनवली. हॉटेल इथे ग्राहक म्हणून येतं, कचऱ्याचा पुरवठादार म्हणून नाही.

कलावंत आणि कारखाना एकत्र येण्याची रीत मात्र जुनी आणि तावून सुलाखून निघालेली आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या कोलर कारखान्यात १९७४ पासून कलावंत बेसिन आणि कमोड बनवणाऱ्या कामगारांच्या शेजारी उभं राहून काम करतात. तिथे कारखान्याची माती तीच राहते, कलावंत आकार बदलतो. कचऱ्याच्या प्रयोगात नेमकं उलटं मागणं असतं: आकार तोच ठेवा, माती बदला. ही मागणी कारखान्याला कितीतरी जड जाते, आणि म्हणूनच इथे भागीदारी क्वचित नमुन्यापलीकडे गेली आहे.

पर्यावरणाचा हिशेब

समर्थकांचं म्हणणं असं: खाणकाम कमी होतं, कचराभूमीवरचा भार हलका होतो, आणि लोकांना कचऱ्याकडे पाहण्याची सवय लागते. शंका घेणाऱ्यांचं म्हणणं असं: मातीच्या भांड्याचा मोठा पर्यावरणीय बोजा भट्टीच्या इंधनात आहे. बोन चायनाची पहिली भाजणी १२०० अंशांच्या वर जाते. मातीतला दहा टक्के भाग कचऱ्याचा केला म्हणून गॅस दहा टक्क्यांनी कमी लागत नाही. फक्त काचेचा उपयोग इथे जमेस धरावा लागतो, कारण तो तापमानच खाली आणतो.

कार्बनचाही पेच आहे. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट भाजलं की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, मग ते खाणीचं असो की कोंबडीचं. आणि कोंबडीने तरी चुना आणला कुठून? अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात चुनखडीची भरड आणि शिंपल्यांची भुकटी घालतात. म्हणजे भुर्जीवाल्याच्या पिंपातला बराचसा चुना खाणीतूनच निघून, कोंबडीच्या पोटातून फिरून आला आहे. तो दुसऱ्यांदा वापरला जातो ही जमेची बाजू खरी, पण ‘खाणीशिवाय’ हे विशेषण लावता येत नाही.

दुसरी शंका अशी की हा कचरा खरंच बेवारस आहे का. कवचं पुन्हा कोंबडीखाद्यात जातात, हाडं जिलेटीन आणि खताच्या कारखान्यांत जातात, काच भंगारवाला नेतो. कोकण-गोव्यात शिंपले भाजून चुना करण्याची परंपरा आहे आणि गोव्याची जुनी घरं त्या चुन्यावर उभी आहेत. जिथे आधीच गिऱ्हाईक आहे तिथून माल ओढून ताट केलं तर कचरा कमी झाला असं म्हणता येत नाही. फुटकी क्रोकरी मात्र कोणालाच नको असते.

तोंडाला लागणारी वस्तू

ताटाची परीक्षा टाइलपेक्षा कडक असते. ग्लेझमधून शिसं किंवा कॅडमियम अन्नात उतरतं का, हे पाहण्यासाठी युरोपात १९८४ चा नियम आहे. भांड्यात चार टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, २४ तास ठेवायचं आणि त्यात काय उतरलं ते मोजायचं. खोलगट भांड्यात शिशाची मर्यादा लिटरला ४ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.३. हाडं, कवचं आणि साध्या बाटल्या यांची भीती कमी. पण रंगीत काच, जुनी नक्षीची क्रोकरी किंवा उद्योगांचा गाळ मिसळला तर आत काय आहे हे चाचणीशिवाय कळत नाही. लिथुआनियाच्या आग्ने कुचेरेंकाइते यांनी पाणी शुद्धीकरणातून निघणाऱ्या धातूयुक्त गाळाचे सुंदर रंग काढले आहेत. अशा कामात रंगाइतकाच चाचणीचा अहवाल महत्त्वाचा. लहान स्टुडिओला दर नव्या मिश्रणाची चाचणी परवडत नाही, आणि हॉटेलचा कचरा तर दर आठवड्याला नवं मिश्रण देतो.

भारतात एक आणखी प्रश्न आहे, आणि तो रसायनाचा नाही. उष्टं-खरकटं या शब्दांना आपल्याकडे नुसत्या अस्वच्छतेहून जास्त वजन आहे. कित्येक शाकाहारी घरांत बोन चायना उंबरा ओलांडत नाही. हाडांऐवजी कारखान्यात तयार केलेलं कॅल्शियम फॉस्फेट वापरूनही तशी भांडी होतात, पण ताट हातात घेऊन फरक सांगता येत नाही. हिरवा ठिपका अन्नाच्या पाकिटावर असतो, ताटावर नसतो. बार्बर-मूर यांची गाईची कथा महाराष्ट्रात जशीच्या तशी लावण्याचा तर प्रश्नच येत नाही. अंडं, शिंपला आणि काच यांचीही हीच अडचण होईल का, की भट्टीतून गेलं म्हणजे शुद्ध झालं असं मानलं जाईल? घराघरांत याचं उत्तर वेगळं असणार.

अजून न सुटलेलं

इथवर आल्यावर एक गोष्ट ठरलेली दिसते: कचरा मातीत चालतो की नाही, हा वाद उरलेला नाही. तो स्पोडच्या काळीच मिटला. उघडे आहेत ते पुढचे मुद्दे.

पहिला, कामाचा कचरा आणि कथेचा कचरा यांतला फरक. कवच व्हायटिंगच्या जागी वजनाला वजन बसलं तर ते कामाचं. मातीत दोन टक्के भुकटी टाकून मेनूकार्डावर परिच्छेद छापला तर ते कथेचं. कथा वाईट नसते, तिचीही किंमत मिळते; पण दोन्ही एकाच शब्दाने विकली जातात आणि टक्केवारी सहसा लिहिलेली नसते.

दुसरा, दळण्या-धुण्याचा खर्च कोणाचा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्या आस्थापनांवर तो वेगळा करण्याची जबाबदारी टाकली. पण ओला-सुका वेगळा करणं आणि कवच-हाड-शिंपला वेगळं करणं यांत भांडी घासणाऱ्या पोऱ्याच्या एका तासाचा फरक आहे, आणि तो तास सध्या कोणी मोजत नाही.

तिसरा, मधला दुवा. हॉटेल आणि कारखाना यांच्यामध्ये गावभराचा माल गोळा करून एकसारखी पूड देणारी गिरणी हवी, एट्रुरियातल्यासारखी. मिनोत ते काम प्रकल्पाने केलं. आपल्याकडे खुर्जाला केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेचं केंद्र आहे, मोरबीत टाइल्सचे शेकडो कारखाने आहेत, धारावीच्या कुंभारवाड्यात कापडाच्या चिंध्यांवर भट्ट्या पेटतात, आणि भारतीय कच्च्या मालाची जाण स्टुडिओंपर्यंत पोचवणारं निर्मला पटवर्धन यांचं ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ पूर्वीपासून आहे. माणसं आणि भट्ट्या आहेत, गिरणी नाही. ती कलावंताने काढायची की महापालिकेने की कारखान्यांच्या संघटनेने, यावर एकमत नाही.

तोवर ज्या हॉटेलमालकांना अशी ताटं घ्यायची आहेत त्यांनी कलावंताकडून दोन कागद मागून घ्यावेत. एकावर मातीत आणि ग्लेझमध्ये कचरा किती टक्के आणि त्याने कोणत्या पदार्थाची जागा घेतली हे लिहिलेलं असावं. दुसरा चाचणीचा अहवाल. त्या चाचणीला चार टक्के ॲसिटिक ॲसिड, चोवीस तास आणि एक प्रयोगशाळा एवढंच लागतं.